सद्भावनेचे टी-शर्ट

आमच्या घरात शांतता असायची ती फक्त शाई वाळत असताना. एरवी सकाळी आईच्या मिक्सरपासून जो गलका सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत चालायचा. पुढच्या खोलीत अप्पांचा छापखाना होता. कागदावरचा नव्हे, कापडावरचा. मधे स्वयंपाकघर, मागे अंगण, आणि अंगणात आडव्यातिडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर सदैव कुणाचे तरी ओले टी-शर्ट. माझे पणजोबा लुगडी रंगवायचे, आजोबा लाकडी ठशांनी पडदे-चादरी छापायचे, आणि अप्पांपर्यंत येता येता तो धंदा निवडणुकीचे झेंडे, शाळांचे खेळाचे बनियन, लग्नात वाटायच्या पिशव्या आणि फुटबॉल क्लबच्या पिवळ्या जर्स्या यांवर येऊन टेकला होता. त्या पिवळ्या शाईने आमची नखं कधी स्वच्छ दिसली नाहीत. आई म्हणायची, "या घरात रोज हळद लागते, लग्न मात्र एकाचंही ठरत नाही." हे ती माझ्या मोठ्या भावाकडे, किट्टूदादाकडे बघून म्हणायची, पण मला वाटायचं माझ्याकडेच बघतेय.

बोलायचो आम्ही मराठी. म्हणजे आम्ही तिला मराठी म्हणायचो. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एक बाई पिशव्या छापून घ्यायला आल्या होत्या, त्या आईचं सगळं बोलणं ऐकून घेऊन कौतुकाने म्हणाल्या होत्या, "किती छान कानडी बोलता हो तुम्ही, मला निम्मं समजलं." आई त्यानंतर कितीतरी दिवस हसत होती. आमची पाच-सहा पिढ्यांची म्हैसूरची मराठी अशीच होती, वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत उतरायचं. आता मी हे लिहिते आहे ते पुस्तकी वळणाने लिहिते आहे, पण माझ्या कानात ती माणसं अशी बोलत नाहीत, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

नजरबादच्या मागच्या अंगाला, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणाला लागून आमची गल्ली होती. घर सोमण्णांचं होतं. सोमण्णा म्हणजे आमचे घरमालक आणि त्या फुटबॉल क्लबचे उपाध्यक्ष. क्लबचं नाव मी लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. अप्पांना वर्षभर पुरेल एवढं काम क्लबकडून यायचं, आणि ते काम सोमण्णांच्या एका शब्दावर यायचं. त्यामुळे आमच्या घरी देवघरातल्या तसबिरींनंतर मान होता तो सोमण्णांच्या फोनचा. अप्पा जाळीवर शाईची पट्टी ओढत असले तरी हात पुसून तो उचलायचे, आणि बोलताना नकळत उभे राहायचे.

आम्ही सगळेच त्या क्लबचे वेडे होतो. किट्टूदादा तर प्रेक्षकांतल्या फौजेचा ढोलकरी होता. 'अरिशिण पडे' म्हणायचे त्या फौजेला, म्हणजे हळदीची फौज. पूर्वेच्या स्टँडवर ती बसायची, आणि दादाच्या तमट्याच्या ठेक्यावर शेकडो माणसं उठायची-बसायची. तमटे म्हणजे हलगीचीच कानडी बहीण. मॅचच्या दिवशी आई मोठ्या पातेल्यात लिंबाचं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा पिवळा भात करायची, भरपूर शेंगदाणे घालून, आणि फौजेची पोरं आमच्या ओट्यावर बसून केळीच्या पानाच्या तुकड्यावर ते खायची. त्यांचा म्होरक्या प्रमोद, सोमण्णांचा पुतण्या, आईला "अम्मा, इन्नु स्वल्प" म्हणत आणखी मागून घ्यायचा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या ओट्यावर, त्या गर्दीत मला जितकं सुरक्षित वाटायचं तितकं कुठेच वाटत नसे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते परक्यांनी केलं नाही.

परशू आमच्या घरी आला तो मापं द्यायला. क्लबने नवा गोलकीपर घेतला होता आणि तयार जर्सी त्याच्या खांद्यांत बसत नव्हती. दादा त्याला घेऊन आला तेव्हा आई दादालाच झापत होती, गॅसचा नंबर लावायला विसरला म्हणून. परशू दारात उभा राहून ऐकत राहिला आणि मग हळूच हसला. "मावशी," तो म्हणाला, "तुमी आमच्यावानी बोलतात." आईच्या हातातली पळी थांबली. हा काळाभोर, कुरळ्या केसांचा, दाराच्या चौकटीएवढा उंच पोरगा मराठीत बोलत होता. कोकणीचा हेल असलेली, मधेच कानडीत जाणारी, पण मराठी. परशुराम सिद्दी त्याचं नाव. हळ्याळकडच्या जंगलातल्या वस्तीतला. त्याच्या पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेतून जहाजांत घालून आणलं होतं, पुढे ते रानात पळून गेले आणि तिथलेच झाले, एवढंच त्यालाही माहीत होतं. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि तिला एकच प्रश्न सुचला, "जेवलास का रे?"

तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. बिसीबेळे भात, त्यावर खारी बुंदी, आणि शेवटी ताकभात, असं साग्रसंगीत जेवायचा आणि मग आईशेजारी बसून आठवड्याचा लसूण सोलून द्यायचा. त्या लांबलचक बोटांत लसणाची पाकळी अगदी हरवून जायची. तो फार बोलत नसे. आईने विचारलं तर आपल्या आईबद्दल सांगायचा, ती जंगलातला मध कसा काढते, धाकट्या भावंडांना कशी मारते. अप्पा त्याला "गोलकीपरसाहेब" म्हणायचे. दादा त्याला घेऊन गल्लीत फिरायचा तेव्हा त्याची छाती फुगलेली असायची.

त्या हंगामातली ती मॅच शेजारच्या शहराच्या संघाशी होती, जिच्यावर सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तशी. मी स्टँडवर दादाच्या मागच्या रांगेत होते. पहिला गोल झाला तेव्हा नुसती हळहळ झाली. दुसरा चेंडू परशूच्या दोन पायांमधून गेला. मग आमच्या स्टँडच्या पुढच्या रांगेतून एक आवाज आला. प्रमोदने काढला. माकडाचा. त्याच्या शेजारी बसलेला क्लबचा एक पदाधिकारी हसला, आणि मग दुसऱ्याने काढला, तिसऱ्याने काढला, आणि पाहता पाहता तो आवाज स्टँडभर झाला. आमचे लोक, आमच्याच गोलकीपरला. कुणीतरी केळ्याची सालं फेकली. दादाचं तमटे वाजत होतं. त्याने ठेका थांबवला नाही. आणि मला दिसलं की त्या ठेक्यावर तो आवाज बरोबर बसत होता. मी दादाच्या खांद्याला धरून ओढलं, त्याने वळून बघितलं नाही. खाली परशू गोलच्या जाळ्यापाशी उभा होता, हातमोजे घट्ट करत. त्याने एकदाच आमच्या स्टँडकडे बघितलं. आम्ही नेमके कुठे बसतो ते त्याला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. आईने दोनदा भात गरम केला.

कुणीतरी मोबाइलवर काढलेला त्या आवाजाचा व्हिडिओ फिरत फिरत दूरवर गेला आणि राज्याच्या संघटनेने चौकशी समिती नेमली. व्हिडिओत सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. म्हणून स्टँडवरच्या काहीजणांना बोलावणं आलं, त्यात दादा होता आणि मी होते. अप्पा म्हणाले, "सांग की पाणी प्यायला गेले होते. सुम्मने, उगीच कशाला ओढवून घ्यायचं?" दादा आधी जाऊन आला आणि ओट्यावर बसून सांगू लागला, "मी म्हणालो, तमट्याच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही. आयतु, संपलं."

मी गेले तेव्हा एका सरकारी विश्रामगृहाच्या खोलीत तिघेजण बसले होते. त्यांतल्या बाईंनी मला स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं आणि कानडीत विचारलं, काय काय झालं ते सांग. मी प्रमोदचं नाव सांगितलं. शेजारी हसणाऱ्या पदाधिकाऱ्याचं सांगितलं. मग दुसरे गृहस्थ म्हणाले, "आवाज म्हणजे कसा आवाज? घोषणा होती की आणखी काही? नेमका कसा होता?" त्यांना खरंच लिहून घ्यायचं होतं. मला शब्द सापडेना. शेवटी मी तो आवाज काढून दाखवला. त्या खोलीत, तीन मोठ्या माणसांसमोर, माझ्या तोंडाने. बाईंनी मान खाली घातली. मी बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर परशू बसला होता, त्याचा नंबर माझ्यानंतर होता. दार नुसतं लोटलेलं होतं. तो आपल्या पायांकडे बघत होता. मग वर बघून म्हणाला, "जेवलीस?"

समितीचा निष्कर्ष आला तो आमच्या सगळ्यांच्या फोनवर एकदमच आला. अपमान झाला होता, एकदा नव्हे, आधीच्या मॅचमध्येही झाला होता. तो क्लबच्याच प्रेक्षकांनी केला होता. पदाधिकाऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. क्लबने दोषी लोकांना मैदानाबाहेर ठेवावं आणि खेळाडूला जपावं. मला वाटलं, झालं, आता सरळ होईल. इतकी मी लहान होते.

क्लबने दुसऱ्या दिवशी निवेदन काढलं की आम्ही समितीचा आदर करतो. काही भावनाविवश प्रेक्षकांकडून चूक झाली असेल, तर आम्हाला खेद आहे. त्यानंतर परशूला 'मनःशांतीसाठी' विश्रांती देण्यात आली, म्हणजे संघातून काढलं. मैदानाबाहेर ठेवला गेला तो तेवढा एकच माणूस. आणि क्लबने एक सद्भावना मोहीम जाहीर केली, तिची जबाबदारी युवकांचा लाडका म्हणून प्रमोदकडे दिली.

फौजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवसांत दोन तट पडले. बाहेरगावाहून शिकायला आलेली हॉस्टेलवरची काही मुलं लिहीत होती की क्लबने आम्हाला लाज आणली, आम्ही पुढच्या मॅचला मैदानाकडे पाठ करून उभे राहणार. त्यांना बाकीचे म्हणत होते, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला क्लब काय कळणार. कुणी म्हणत होतं, आम्ही तर स्वतःच्या बापालाही माकड म्हणतो, त्यात काय एवढं. कुणी म्हणत होतं, एवढा नाजूक असेल तर गोलमध्ये उभं कशाला राहावं. आणि मग कुणाला तरी कळलं की समितीसमोर नाव घेतलं ते कुणी.

घरावर दगड आला नाही, शिवी आली नाही. फक्त समोरच्या रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर पोरं येऊन बसू लागली. तीच पोरं, जी आमच्या ओट्यावर चित्रान्न खायची. मी दारात दिसले की एकजण म्हणायचा, "साक्षी!" दुसरा म्हणायचा, "ए साक्षी, हेगिद्दीया?" जणू माझं नाव रेणू नसून साक्षीच आहे आणि ते नुसतं कसं काय विचारताहेत. कॉलेजच्या रस्त्यावर एक बाइक माझ्या चालीने चालायची. काही बोलायची नाही, नुसती चालायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी रडत घरी आले तेव्हा अप्पा म्हणाले, "होगली बिड, जाऊ दे, निवळेपर्यंत घरात राहा. परीक्षेला मी सोडायला येईन." आईने पुढच्या खिडकीला जुन्या चादरीचा पडदा लावला. आणि मी घरात बसले.

घरात बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. आजही दार बंद असलेल्या खोलीत मला फार वेळ बसवत नाही, घरचे हसतात. चादरीतून पिवळट उजेड यायचा, शाईचा वास सगळ्याला धरून बसायचा, दुधाला, उशीला, केसांना. दादा माझ्याशी बोलत नव्हता. जेवायला बसला की ताट घेऊन माझ्याकडे पाठ करायचा. बाहेर तो त्याच पोरांबरोबर कठड्यावर बसायचा. "मी बसतो म्हणून ते नुसते बसतात," तो आईला म्हणाला, "मी उठलो तर काय करतील सांगता येत नाही." ते खरं होतं की सबब होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मग सोमण्णांचा फोन आला. अप्पा उभे राहून "हां सार, हां सार" म्हणत राहिले. फोन ठेवून आमच्याकडे न बघता म्हणाले, "मोठी ऑर्डर आहे. सद्भावनेचे टी-शर्ट. पुढच्या मॅचला सगळ्या स्टँडला वाटायचे." पिवळ्या कापडावर कानडीत दोनच शब्द होते, 'नावेल्ला ओंदे'. आपण सगळे एकच. अप्पांचा हातकामाचा माणूस गावी गेलेला, आणि मी घरात रिकामी. ते टी-शर्ट मी छापले. जाळीवर शाई ओतायची, पट्टी आपल्याकडे ओढायची, चौकट उचलायची, पुढचा. आपण सगळे एकच, पुढचा, आपण सगळे एकच. अंगणातल्या दोऱ्या भरल्या, मग स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या, मग माझ्या झोपायच्या जागेवरही. कुठेही मान वळवली तरी तेच वाक्य. खिडकीबाहेरून हाका यायच्या, "साक्षी!"

त्यात एका दुपारी परशू आला. मागच्या बोळातून, अंगणाच्या दाराने. आईने त्याला बघून तोंडाला पदर लावला. तो दोऱ्यांखालून वाकून येत माझ्यासमोर उभा राहिला, भोवतालचे टी-शर्ट वाचले आणि म्हणाला, "हेच माका घालायचे आहेत ना?"

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. क्लबने त्याला सांगितलं होतं की मॅचच्या आधी मैदानाच्या मधोमध प्रमोदशेजारी हा टी-शर्ट घालून उभं राहायचं, हात मिळवायचा, माइकवर चार शब्द बोलायचे. मग त्याला सोडण्यात येईल. गोव्याकडचा एक संघ त्याला घ्यायला तयार होता, पण या क्लबने मोकळं केल्याशिवाय त्याला कुठेच खेळता येत नव्हतं.

"तू नाही म्हण," मी म्हणाले. "समितीने सांगितलंय. तू त्यांच्याकडे जा. मी येते तुझ्याबरोबर, हॉस्टेलची मुलं येतील. ते पाठ करून उभे राहणार आहेत, मीही राहणार."

"नको गे," तो म्हणाला. "तू काय पण करू नको."

"का?"

"तू उठलीस, ओरडलीस, तर ते म्हणतील परशूनेच सांगितलं. माका सोडणार नाहीत." तो पाटावर बसला आणि सवयीने त्याने लसणाची परडी पुढे ओढली. "तू तिथे खोलीत खरं बोललीस. माझ्यासाठी ते झालं. आता मी खोटं बोलून सुटतो. माका गोलमध्ये उभं राहायचं आहे, बाकी काय नको. तू स्टँडवर येऊन बस. मी बघीन तेव्हा एक तरी माणूस आपलं असूंदे."

आई म्हणाली, "अरे पण बाळा, त्यांनी तुला असं म्हटलं, आणि तूच..." परशूने मान हलवली. "मावशी, माझी आई सांगते, मधमाश्या चावतात तेव्हा हात झाडायचा नाही. हळू खाली उतरायचं."

मॅचला मी गेले. अप्पा एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. अंगात मीच छापलेला टी-शर्ट. स्टँडवर मी येताच दोन-तीन "साक्षी" झाल्या, मग प्रमोदने वर बघून हात दाखवला आणि त्या थांबल्या. सद्भावनेचा दिवस होता. मैदानाच्या मध्यभागी परशू आणि प्रमोद उभे राहिले, सोमण्णांनी दोघांना हार घातले. माइक परशूच्या हातात दिला. तो कानडीत म्हणाला, जसं पढवलं होतं तसंच, की हा क्लब माझं कुटुंब आहे, कुटुंबात भांडण होतं, माझ्या मनात काही नाही.

मी समजत होते की त्यावर शांतता होईल. नाही झाली. सगळं मैदान उठून उभं राहिलं. "परशू! परशू!" माझ्या पुढच्या रांगेतला एकजण, ज्याने साल फेकलं होतं, तो रडत होता. खरंच रडत होता, शेजाऱ्याला मिठी मारून. "नोडु, एष्टु दोड्ड मनस्सु," बघ, किती मोठं मन. त्यांनी जे केलं होतं त्याची माफी त्यांना मिळाली होती, आणि तिचा त्यांना इतका आनंद झाला होता की जणू ती त्यांनीच दिली होती. वरच्या कोपऱ्यात हॉस्टेलची दहा-बारा मुलं मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. सुरक्षारक्षकांनी त्यांना खाली नेलं, सद्भावना बिघडवतात म्हणून. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. मी बसून होते. परशूने आमच्या स्टँडकडे बघितलं, आणि सगळे टाळ्या वाजवत असताना मी एकटीच हात मांडीवर ठेवून बसले तर दिसेन म्हणून मी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला कुणी कोंडून घातलं असेल तर ते त्या चादर लावलेल्या खोलीत नव्हे, त्या उघड्या मैदानात.

"बघ," दादा माझ्या कानाशी म्हणाला, कित्येक दिवसांनी पहिल्यांदा. "संपलं की नाही?"

क्लबने शब्द पाळला, परशूला सोडलं. तो गोव्याकडे गेला. कठडा रिकामा झाला, बाइक दिसेनाशी झाली. एकाने तर मला गल्लीत थांबवून "सिस्टर, मनात ठेवू नका" म्हटलं. आईने चादर काढली. मला वाटत होतं की आता मोठ्याने ओरडावं, आणि ओरडायला काही कारण उरलं नव्हतं.

मग प्रमोद आला, ओट्यावर चपला काढून, पेढे घेऊन. टी-शर्ट इतके आवडले लोकांना की आता क्लब ते विकणार होता, पण नवे. त्याने फोनमधलं चित्र अप्पांना दाखवलं. पिवळ्यावर काळ्या रंगात परशूचा चेहरा, हार घातलेला, आणि खाली 'दोड्ड मनस्सु'. मोठं मन. "त्याला विचारलंय?" अप्पांनी विचारलं. "तो गेला ना अंकल," प्रमोद म्हणाला, "आणि फोटो आपल्याच मैदानातला आहे."

अप्पांनी बघतो म्हटलं. दोन दिवस ते चित्र त्यांच्या टेबलावर होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, उपमा खाता खाता, दादा म्हणाला, "अप्पा, प्रमोद विचारतोय. छापून टाका की गुपचूप, सुम्मने. चांगलंच लिहिलंय त्याच्याबद्दल."

अप्पांनी ताटली खाली ठेवली. "किट्टू, त्या दिवशी तू तिथे होतास ना, अल्वा?"

"होतो की."

"तो आवाज कसा होता?"

दादा उपम्यात चमचा फिरवू लागला.

"समितीत रेणूने काढून दाखवला," अप्पा म्हणाले. त्यांना हे कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, मी तर सांगितलं नव्हतं. "परक्या माणसांसमोर. तू घरात, बापासमोर काढ."

दादाने तोंड उघडलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आवाज आला नाही. आईने शेगडी बंद केली. "मीही काढला होता अप्पा," तो शेवटी म्हणाला, ताटलीकडे बघत. "नुसतं वाजवत नव्हतो."

अप्पांनी फोन उचलला. या वेळी ते बसूनच बोलले. "सोमण्णा सार, तो चेहरा माझ्याकडे होणार नाही. नाही सार, मशीन ठीक आहे. नाही, माणूसही आहे. तो पोरगा माझ्या घरी जेवलेला आहे, एवढंच." पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आयतु सार. मुलीची परीक्षा होऊ द्या, मग घर सोडतो."

त्या उन्हाळ्यात आम्ही नजरबाद सोडलं आणि गावाच्या टोकाला, बोगादीला गेलो. तेव्हा तिकडे नवी घरं होत होती, सगळीकडे सिमेंटची धूळ, शेजारी कुणी ओळखीचं नाही. क्लबचं काम गेल्यावर अप्पांनी शाळांच्या मागे धावून गणवेशांच्या खिशांवरची चिन्हं छापायला घेतली. वयाच्या त्या टप्प्यावर ते दारोदार फिरले, आणि थकून आले की गप्प बसायचे. आम्हाला कुणीही शाबास म्हटलं नाही. टी-शर्ट दुसऱ्या छापखान्यात छापले गेलेच, आणि खपलेही. दादा पुन्हा स्टँडवर गेला नाही, पण माझी माफीही त्याने मागितली नाही. एक दिवस कॉलेजातून यायला उशीर झाला तर बस स्टॉपवर उभा होता, "चल," म्हणाला. तेवढंच.

परशूचा फोन यायचा, आईला. दिवाळीच्या सुमारास एकदा फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे तिथेच होतो. आईने इकडचं तिकडचं सांगितलं आणि मग तिला राहवलं नाही, तिने टी-शर्टचं सांगून टाकलं. अप्पांनी नकार दिला तेही, घर गेलं तेही. मला वाटलं तो संतापेल, किंवा रडेल.

"माका माहीत आहे टी-शर्टचं," परशू म्हणाला. "वस्तीतल्या एकाने फोनवर दाखवला. आई तेव्हापासून मागे लागली आहे, माझ्या पोराचा फोटो छापलेला सदरा माका पाहिजे म्हणून." मग अप्पांना उद्देशून म्हणाला, "काका, एक मिळेल काय हो?"

आई माझ्याकडे बघू लागली, मी अप्पांकडे. अप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग फोनकडे वाकून म्हणाले, "आईची साइज काय?"

रविवारी ते एकटेच बसने मैदानापर्यंत गेले. बाहेर गाड्यावर टी-शर्ट लटकलेले असायचे, तिथून त्यांनी एक घेतला, आणि घरी आणून स्वतः घडी घालून, खाकी कागदात बांधून पाठवला.

काही दिवसांनी परशूने फोटो पाठवला. मातीचं सारवलेलं अंगण, मागे फणसाचं झाड, आणि गुडघ्याच्या वर लुगडं नेसलेली एक काळी, हडकुळी बाई, लुगड्यावरून पिवळा टी-शर्ट चढवलेली. हसत नव्हती. सरळ समोर बघत होती. अप्पांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि छापखान्याच्या माणसाने बघावं तसं जवळ नेऊन बघितलं.

"शाई जास्त ओतलीय," ते म्हणाले. "डोळे भरून गेलेत पोराचे. पहिल्या धुण्यातच सुटेल."

मग फोन माझ्याकडे देताना म्हणाले, "पण बाई कशी ताठ उभी आहे बघ."